विक्रमापुरता एक मोसम

मास्टर्स करायला आयर्लंडला आले तेव्हा कॉलेजच्या फुटबॉल संघाचे सामने व्हिडिओवर घ्यायचं काम मला मिळालं. इथला फुटबॉल हातानंही खेळतात, हे मला पहिल्या दिवशी मैदानावरच कळलं. पुढं नोकरी लागली, डब्लिनजवळ ल्यूकनला खोली घेतली, तरी सामना असला की मी रजा टाकून शिडीवर कॅमेरा धरून उभी. कारण एकच, कोच. मी त्यांना पुण्याच्या सवयीनं सर म्हणायचे. "सर असतात ते तिकडं लंडनला, राजाच्या दरबारात," असं म्हणून ते मला झापायचे आणि मनातून खूश व्हायचे.

गेल्या मोसमात सर मुलांना भलत्याच नावांनी हाका मारायला लागले. आधी वाटलं, वय झालंय. मग लक्षात आलं, ही नावं तर भिंतीवरच्या जुन्या फोटोंतल्या मुलांची. त्यांतली काही आता पोराबाळांची झालेली, काही कायमची ऑस्ट्रेलियाला गेलेली. आमची पोरं मात्र त्या नावांना बिनतक्रार ओ द्यायची. कोणी हसायचं नाही. मला त्यांचं कौतुक वाटायचं.

सरांना मलिंगार गावाहून त्यांची बायको गाडीनं घेऊन यायची आणि सराव संपेपर्यंत गाडीतच बसायची. एकदा पाऊस झोडपत होता, म्हणून तिनं मला आत बोलावून थर्मासमधला चहा दिला. म्हणाली, "मी कमिटीला सांगितलंय, आता सोडा त्याला. मला ओळखतोय तोवर तो मला घरी हवाय. आयुष्यभर संध्याकाळी मी एकटीच जेवत आले."

कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे केसानं गळा कापणारे गृहस्थ. मी त्यांना गाठलंच.

"हा मोसम तेवढा होऊ दे," ते म्हणाले. "मग देशात इतकी वर्षं टिकलेला दुसरा कॉलेज-कोच नसेल. तो ग्रँड आहे गं, एकदम ठीक. असिस्टंट बघतोय ना सगळं."

ते खरंच होतं. संघ असिस्टंटच चालवत होता. सरांना कोट चढवून रेषेच्या कडेला उभं करायचं, शेतात बुजगावणं करतात तसं. माझं डोकंच फिरलं.

"विक्रम त्यांना हवाय की तुम्हाला?"

"त्यालाच विचार की."

विचारून काय होणार होतं? सर हो म्हणाले असते. मैदान सोडून त्यांना आता फारसं काही आठवत नव्हतं, आणि हे त्या सेक्रेटरीला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

नाताळपर्यंत सामना संपला की सर बरोबर बायकोच्या गाडीकडे चालत जायचे. जानेवारीत ते माझ्या शिडीपाशी येऊन नुसते थांबायला लागले. मी खाली उतरून, त्यांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत न्यायचे. ती आतून दार उघडायची. तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर व्हायचा नाही.

मोसम संपला, विक्रम झाला. हॉटेलात मोठं जेवण ठेवलं होतं. सेक्रेटरींनी भाषण ठोकलं. जिंकलेले सामने, कप, वर्षं, सगळं वाचून दाखवलं. हॉल उठून उभा राहिला. सरही उठले. सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवत होते.

खाली बसल्यावर ते माझ्याकडे झुकले. "भारी माणूस दिसतोय," ते हळूच म्हणाले. "पण इतकी वर्षं हा मैदानावर, मग ह्याच्या घरी कोण असायचं?"

त्यांच्या पलीकडे बसलेल्या बायकोनं ते ऐकलं. "मी असायचे," ती म्हणाली.

सर तिच्याकडे वळले. अनोळखी बाईपुढं करावा तसा त्यांनी अदबीनं हात पुढं केला आणि म्हणाले, "तुम्हाला भेटून आनंद झाला."

तिनं तो हात हातात घेतला.