हात लावा हो

"हात लावा हो, नुसतं बघून काय होतंय?" कोणी दारातून आत आलं की बाई हेच म्हणायच्या. तुम्ही-आम्ही म्युझियममध्ये हात मागे बांधून फिरतो. बाईंच्या खोलीत कोणी तसं फिरू लागला तर त्या काळजीने विचारायच्या, "हात दुखतात का तुमचे?"

वसईजवळच्या भुईगावात, चर्चच्या आवारातल्या एका जुन्या खोलीत त्यांचा हा पसारा होता. शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. वाड्यांमध्ये विहिरींवर पंप आले, रहाट मोडीत निघाले, तसं जे जे भंगारात चाललं होतं ते बाईंनी घरी आणलं. रहाटाचे मातीचे लोटे, मिठागरातलं फावडं, बँडवाल्यांचं चेपलेलं बिगुल, जुनी लुगडी. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा त्यांनी फादरांकडे खोली मागितली. फादर नाही म्हणाले असते तर बाई चर्चच्या पायरीवर पसारा मांडून बसल्या असत्या, याबद्दल गावात कोणालाही शंका नव्हती.

मी त्यांच्याकडे गेलो तो आईमुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील गेल्यावर आईला मालवणकडून आमच्या वसईच्या फ्लॅटवर आणलं, आणि तिचं बोलणंच बंद झालं. दिवसभर ती गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत राहायची. जेवण ताटात तसंच. अंगावरची पोलकी सैल झाली. मला धास्ती बसली होती, की ही आता अशीच विझत जाणार. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. आणि शनिवारी भुईगावला बाईंकडे घेऊन जा." मला वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले.

डॉक्टर असे बरेच पेशंट तिकडे पाठवत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धांगवायू झालेले एक गृहस्थ लोट्याला दोरी बांधत बसले होते. त्यांच्या हातून लोटा निसटला आणि फुटला. ते बिचारे रडवेले झाले. बाईंनी केरसुणी आणली, खापऱ्या गोळा केल्या आणि दुसरा लोटा त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "लोटे फुटायचेच. नाहीतर कुंभार जेवला असता कसा?" ते गृहस्थ वाकड्या तोंडाने हसले. तेवढ्यात बाईंनी सगळ्यांना सुकेळी वाटली, म्हणजे आमच्या वसईची उन्हात सुकवलेली केळी. औषधाच्या वेळेसारखी त्यांची सुकेळीची वेळ ठरलेली असायची.

आईने मात्र कशालाच हात लावला नाही. दोन-तीन शनिवार ती नुसतीच बसून परत आली. बाईंनी तिला एका शब्दानेही छेडलं नाही. मग एका शनिवारी त्यांनी एक लाल चौकड्यांचं लुगडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. "ताई, याला जरा ऊन दाखवायचंय. घडी उलगडता?"

आईने घडी उलगडली. कापड इतकं जुनं, की तिच्या हातात ते टरकन फाटलं. चांगलं वीतभर. आई त्या फाटलेल्या जागेकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मी ऐकला.

"सुय खंय आसा?"

बाईंनी सुई दिली. डब्यात लाल दोरा नव्हता, होता तो हिरवा. आईने वाकळीला घालतात तसे बारीक धावटाके घातले. हिरव्या टाक्यांची रेघ त्या लाल लुगड्यावर लांबूनही उठून दिसत होती. पुढच्या शनिवारी मी लाल दोऱ्याचं रीळ घेऊन गेलो. बाईंनी ते डब्यात टाकलं आणि टाके काही उसवू दिले नाहीत. "दिसू दे. ताई येऊन गेल्या, हे कळायला नको?"

लुगडं शिवलं त्या रात्री आईने भात मागून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. नंतर ती शनिवारची वाट बघायला लागली. बाई तिला भुईगावची गाणी म्हणून दाखवायच्या, आई मालवणीत त्यांची टिंगल करायची. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत असावं, पण हसायला तेवढं पुरत होतं.

काही वर्षांनी बाई गेल्या. मातीला आम्ही दोघं गेलो होतो. बाईंच्या बहिणीने आईचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "ते लुगडं आमच्या आयचं. लग्नातलं." बाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईने त्याला हात लावला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एवढी मोठ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढे खोलीला रंग लागला, काचेची कपाटं आली. उद्घाटनाच्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. प्रत्येक कपाटावर सुबक अक्षरांत पाटी होती : हात लावू नये. आई लुगड्यासमोर थांबली आणि काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. मग तिने व्यवस्था बघणाऱ्या तरुण बाईला बोलावलं.

"ह्यां कपाट उघडा. टाको सुटलो."

ती तरुण बाई माझ्याकडे बघू लागली. तोवर आईने पिशवीतून हिरवा दोरा काढला होता.