आबांची दुर्बीण बसवताना

रजेवर आलेल्या फौजीला घरचे झोपू देत नाहीत. पाहुणे, देवदर्शन, शेताच्या बांधाची पडलेली ताल, सासुरवाडी, सगळं त्याच्याचसाठी राखून ठेवलेलं असतं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत एका हिवाळ्यात मी काश्मीरहून मेढ्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा मला फक्त झोप हवी होती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुर्बीण हवी होती.

आबा रिटायर्ड हवालदार. नोकरीची निम्मी वर्षं त्यांनी रंगरुटांना नेमबाजी शिकवण्यात घालवलेली. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे लायसन्सची रायफल होती आणि साताऱ्याला माजी सैनिकांच्या नेमबाजीत ते दरवर्षी उतरत. आता लांबचं दिसेना म्हणून त्यांनी सांगलीच्या एका निवृत्त साहेबांकडची रायफलीवर बसवायची जुनी दुर्बीण ठरवून ठेवली होती. मी बायकोला आणायला पलूसला जाणारच होतो, तेव्हा सांगलीची खेपही माझ्याच माथी आली. मांडीवर दुर्बिणीचा डबा, शेजारी माहेरच्या पिशव्या सांभाळणारी बायको, असा एसटीत डुलक्या खात मी परतलो.

दुर्बिणीचं नाव काढलं तरी मला धसका बसायचा. पलटणीत आमच्या कंपनीची दुर्बिणीची रायफल माझ्याकडे होती. गस्त चौकीबाहेर पडली की लांबवर नजर ठेवायची आणि वेळ आलीच तर गस्तीवरच्यांना वाचवायचं, हे माझं काम. आणि गेले काही महिने माझी गोळी पाठवावी तिथं जात नव्हती. मी दुर्बिणीला दोष दिला. ती बदलून घेतली, मग बदललेलीलाही दोष दिला. कुणाला काही बोललो नव्हतो. गस्तीवरची पोरं मात्र मी मागं आहे म्हणून निर्धास्त पुढं जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांनी ओढ्यापलीकडच्या दरडीला फळी टेकवून तिच्यावर कागद लावला. "माजा डोळा म्हातारा. आदी तू बसवून दे," म्हणाले. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून मी पालथा पडलो.

दुर्बीण बसवायची रीत साधी आहे. एकाच जागी नेम धरून तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही एका बाजूला पण जवळजवळ पडल्या तर दोष दुर्बिणीचा. तिच्यावरच्या घुंड्या थोड्या थोड्या फिरवून तो काढता येतो. तिन्ही तीन दिशांना गेल्या तर घुंडीला हात लावायचा नाही. मग दोष माणसाचा.

माझ्या तीन दिशांना गेल्या आणि मी घुंडीला हात लावला.

"आरं, घुंडी काय पिरगाळतुयास? रेडिओ हाय व्हय त्यो?"

"आवं आबा, दुर्बीणच ढिली हाय."

"म्या आवळलीया ती."

पुन्हा तीन मारल्या. पुन्हा तेच. रायफल ओढ्यात भिरकावून द्यावी असं मला वाटलं. आबांचा राग आला, त्या सांगलीच्या साहेबांचाही आला.

आबांनी रायफल माझ्याकडून काढून घेतली. माझ्याकडे पाठ करून गोळी चढवायचा बोल्ट मागंपुढं केला आणि परत दिली. "येकच मार."

मी नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. नुसतं टक् झालं. आबांनी गोळी भरलीच नव्हती. पण रायफलीची नळी खाली झुकली होती, माझा खांदा आखडला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. आवाज झालाच नाही, तरी मी त्याला भ्यालो होतो.

रंगरुटांनाही आबा असंच पकडत असणार, आणि बाकीचे हसत असणार. आबा हसले नाहीत.

"कवापास्नं?"

"पावसाळ्यात चौकीवर तोफगोळा पडला, तवापास्नं."

"सांगितलंस कुणाला?"

"न्हाई. रायफल काढून घेत्याल, आबा. लंगरात भांडी घासाय बसवत्याल."

आबा पोत्यावर बसले.

"मला बी झालं हुतं, लढाईच्या टायमाला," ते म्हणाले. "म्या न्हाई सांगितलं. येक जण माज्या भरवशावर फुडं गेला. त्यो आला न्हाई."

एवढ्या वर्षांत हे आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. त्यांचे हात गुडघ्यावर तसेच पडून होते आणि मला त्यांची फार दया आली. स्वतःचीही आली.

पलटणीत हजर झालो त्याच दिवशी सुभेदार साहेबांसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. रायफल दुसऱ्याकडे गेली, मी लंगरात. गस्त परतली की मगांत चहा ओतता ओतता मी माणसं मोजायचो. माझ्या भरवशावर आता कुणीच पुढं जात नव्हतं. त्याचं वाईट वाटायचं, आणि हायसंही वाटायचं.