फळ्यावर बंद पडलेली ट्राम

आमच्या गिरगावच्या चाळीत जिन्याखाली एक फळा होता. एरवी त्यावर पाणी कधी येणार ते लिहायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मात्र सभा कुठे, लाठीमार कुठे, कुठली ट्राम बंद, हे सगळं त्यावर यायचं. माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्याकडे आला. खडू हाती आल्यावर मला वाटायला लागलं, शहराची वाहतूक मीच चालवतो.

एका दुपारी पानाच्या गादीवर कोणीतरी म्हणालं, "लालबागला गडबड आहे म्हणे." नाक्यावर जाऊन बघायला पाच मिनिटं लागली असती. पण बातमी सगळ्यांच्या आधी आपणच द्यायला हवी ना! मी ठळक लिहिलं, 'परळकडच्या ट्राम-बस बंद.' खाली दोन रेघा ओढल्या आणि घरी जाऊन चहा प्यायलो.

तळमजल्यावरच्या काकींचे यजमान परळच्या इस्पितळात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन. भेटायची वेळ चार ते पाच. काकींनी फळा वाचला, पेजेचा डबा उचलला आणि चालत निघाल्या. पोचल्या तेव्हा फाटक लागलं होतं.

दिवेलागणीला त्या भरला डबा घेऊन परतल्या, त्याही चालतच. तोवर आमचे वडील परळहून नेहमीच्या ट्रामने आरामात घरी आले होते. मी काकींच्या दारात गेलो.

"काकी, वाटेत ट्राम नाही दिसली?"

"दिसल्या की रे! तीन-चार गेल्या शेजारून. म्हटलं, बंद करून डेपोत नेत असतील."

"आत माणसं नव्हती?"

"होती. ट्रामवाल्यांचीच असतील म्हटलं. तू बंद लिहिलंस ना!" पाय चोळत वर म्हणाल्या, "बरं झालं लिहिलंस. नाहीतर थांब्यावर ताटकळले असते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं काय, तर "चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आला. तीन वाजता काकी डबा घेऊन फळ्यासमोर उभ्या. फळा मी पुसून ठेवला होता.

"आज काहीच नाही? मग निघू की नको?"

मी नाक्यावर धावलो, ट्राम डोळ्यांनी बघितली, परत येऊन त्यांना घेऊन गेलो. वाटेत काकी कौतुकाने कंडक्टरला सांगत होत्या, "आमच्याकडे फळ्यावर सगळं कळतं हो. हाच लिहितो."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी लालबाग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.