आधारस्तंभ खोडताना

आधारस्तंभ हा शब्द मी इतक्या वेळा खोडलाय की झोपेतही खोडेन. दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत माझी सगळी वर्षं भाषांतरात गेली. त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या तयारीला महाराष्ट्रातून आलेली मुलं कुणाकुणाकडून माझा नंबर मिळवायची आणि रविवारी आमच्या क्वार्टरवर मराठी निबंध तपासून घ्यायला यायची. चहा माझा, पोहे नवऱ्याचे. निबंध मात्र सगळ्यांचा एकच.

शिक्षण हा समाजाचा पाया. शेती हा अर्थव्यवस्थेचा कणा. युवक हे देशाचे आधारस्तंभ. नीतिमूल्यं म्हणजे तर काय, अधिष्ठानच! विषय पाणीटंचाईचा असो नाहीतर एकटेपणाचा, पहिल्या पानावर पाया खणलेला असायचाच. कुठल्यातरी जुन्या बॅचच्या नोट्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं ते राजेंद्रनगरमधल्या या मुलांच्या खोल्याखोल्यांतून फिरत आलेलं असायचं. मी वैतागून विचारायची, "अरे, देशाला खांब तरी किती? आणि त्यावर छप्पर कुठाय?" मुलं हसायची आणि पुढच्या रविवारी आणखी चार खांब घेऊन हजर. गावाकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटोंच्या रांगेखाली छापतात तो शब्द, आणि ही पोरं तो तत्त्वज्ञान म्हणून लिहायची. डोंबलाचं तत्त्वज्ञान!

माझ्या चिडण्याला घरचंही एक कारण होतं. माझी मुलगी इथेच वाढली. तिच्या लेखी टेकू, तिवई, अडणी, धिरा, सगळ्याला एकच शब्द: सपोर्ट. "आई, उसके नीचे कुछ सपोर्ट लगा दे ना, यार." मराठीत सांग म्हटलं की खांदे उडवते. ऑफिसात दिवसभर "च्या आधारे", "आधारभूत" आणि "पायाभूत सुविधा" लिहून घरी यावं, तर घरात हे. चांगलं मराठी वाक्य कानावर पडावं म्हणून मी अक्षरशः भुकेली असायची. तेव्हा हे कळत नव्हतं, आता कळतंय.

तर त्या मुलांमध्ये एक मुलगी होती. मराठवाड्यातली, बोलायला कमी. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या जुन्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये मी साबुदाणावडा खात असताना तिनं मला गाठलं होतं. पहिल्याच रविवारी तिनं सरळ सांगितलं, "काकू, हा माझा शेवटचा प्रयत्न. यानंतर बसताच येणार नाही. मागच्या वेळी इतिहासाच्या पेपरात कमी पडले, तो यंदा पक्का केलाय. निबंधाला बरे गुण होते. तुम्ही फक्त भाषा बघा."

फक्त भाषा बघा, म्हणाली होती ती. ऐकलं का मी? छे!

तिचा निबंध उघडला तर पहिलीच ओळ, लोकशाहीचा पाया. मी तिथेच पेन टेकवलं. "पाया म्हणे! पाया बघितलायस का कधी उभ्या जन्मात?"

ती म्हणाली, "माझे वडील गवंडी आहेत, काकू."

आणि ती बोलायला लागली. त्यांच्याकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर भिंत उभी करायची नाही. खाली मुरूम लागेपर्यंत चर खणायचा. घरमालकाला तो खर्च जिवावर येतो, कारण वर काहीच दिसत नाही. त्याला जोतं उंच हवं असतं, चार लोकांना दिसेल असं. वडिलांची निम्मी भांडणं त्यावरूनच. स्लॅब टाकला की टेकू काढायची घाईही मालकालाच, वास्तुशांतीची तारीख धरलेली असते ना! एकदा वडील कामावर नसताना कुणीतरी टेकू काढले आणि स्लॅब मधोमध खाली आला. खाली असलेला माणूस वाचला, पण वडील दोन दिवस जेवले नाहीत.

नवरा पोह्यांची कढई हातात घेऊन दारात उभाच राहिला. मी म्हटलं, "अगं बाई, हे लिही! हेच लिही!"

पुढच्या रविवारी तिनं लिहून आणलं. सत्ता, कायदा, लोक, सगळं त्या चरातून आणि टेकूतून उलगडलेलं. एकही उसनी ओळ नाही. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तो निबंध मी ऑफिसातल्या दोघींना वाचून दाखवला. तिला बजावलं, "परीक्षेत असंच लिहायचं. तो पाया-कणा-स्तंभ दिसला, तर माझ्याकडे फिरकू नकोस." ती म्हणाली, "पण काकू, त्यांना मुद्दे लागतात. सगळ्या बाजू लागतात." मी म्हटलं, "तपासणाराही माणूसच असतो ना?" नवऱ्यानं रात्री जेवताना हळूच विचारलं, "तिला परीक्षा द्यायचीय की पुस्तक काढायचंय?" मी त्याच्यावरही उखडले.

मुख्य परीक्षेच्या निकालात तिचा नंबर नव्हता. बऱ्याच महिन्यांनी गुण कळले, तेव्हा ती ते दाखवायला आली. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशीची गाडी होती. इतिहास सुधारला होता, बाकी पेपरही ठीक. निबंध मागच्या वेळेपेक्षा खूपच खाली. मी मनात वजाबाकी केली. जेवढे गुण कमी पडले होते, त्याहून जास्त एकट्या निबंधात गेले होते.

मी चाचरत म्हटलं, "तपासणाऱ्याला कळलंच नसेल गं." हे बोलताना माझी मलाच लाज वाटली. मला चांगलं मराठी वाचायचं होतं. तिला पास व्हायचं होतं. या दोन गोष्टींत मी माझीच निवडली, आणि तीही तिच्या शेवटच्या प्रयत्नावर.

ती खाली बघत म्हणाली, "जुना निबंध मला पाठ होता, काकू. पेपरात अर्धं पान लिहिलंही होतं."

"मग?"

"मग खोडलं. तुम्ही रागवाल असं वाटलं."

मी रडायला हवं होतं, निदान तिचा हात तरी धरायला हवा होता. पण माझ्या तोंडून काय यावं? मी ओरडले. "अगं, मूर्ख आहेस का तू? तुझी परीक्षा होती! माझं कशाला ऐकायचं?"

ती पटकन उठली, ओढणी सारखी केली.

"सॉरी, काकू," म्हणाली.