वरचा एक डॉलर

आमचं घर एका डॉलरमुळे अडलं होतं, आणि तो डॉलर कमी पडत नव्हता, जास्त झाला होता.

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला शिकत होते तेव्हा तिथल्या एका बँकेने मला बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट दिला होता. म्हणजे खात्यात पैसे नसले तरी काढा, शिक्षण संपलं की भरा. यातला पहिला भाग मी मनापासून पाळला. दुसरा राहिला. ऑकलंडला नोकरी लागली, पगार दुसऱ्या बँकेत जायला लागला, लग्न झालं, आणि ते खातं मागे पडलं. विसरले नव्हते हं. 'हे एकदा निस्तरायला हवं' असं दर दिवाळीला म्हणायचे, गॅरेज आवरायला हवं म्हणते तसंच. (गॅरेजही तसंच आहे.)

यंदा ऑकलंडमधल्याच हिल्सबरोमध्ये एक घर आवडलं. मागे लिंबाचं झाड आणि मुख्य म्हणजे तीन बेडरूम! माझे बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि आमच्या भाड्याच्या घरात हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. रोज सकाळी कमरेवर हात ठेवून उठतात, पांघरुणाची घडी घालतात आणि 'मस्त झोप लागली' असं सांगतात. ते ऐकलं की मला दिवसभर चुटपुट लागून राहते. त्या तिसऱ्या खोलीसाठी मी काहीही करायला तयार होते. कर्ज देणाऱ्या बँकेची अट एकच होती. जुना ओव्हरड्राफ्ट फेडा, ते खातं बंद करा आणि बंद झाल्याचं पत्र ऑक्शनच्या, म्हणजे घराच्या लिलावाच्या, आधी आणून द्या.

बाबा एका सहकारी बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेत. बँकेचं काम निघालंय म्हटल्यावर त्यांची कंबर एकदम बरी झाली. जुन्या बँकेने फोनवर आकडा सांगितला होता, आठशे चाळीस डॉलर. मी म्हटलं, ऑनलाइन भरून टाकते. बाबा म्हणाले, कर्ज फेडलं की हातात पावती पाहिजे. लॅबमध्ये माझी शिफ्ट होती आणि वाद घालायचा मला कंटाळा आला होता. मी त्यांना रोख पैसे आणि खाते नंबर दिला, आणि ते बसने न्यू लिनच्या शाखेत गेले. (आमच्या जवळची शाखा बंद होऊन तिथे आता बबल टी मिळतो.) संध्याकाळी त्यांनी मोठ्या समाधानाने पावती माझ्यापुढे ठेवली. आठशे एक्केचाळीस.

"बाबा, चाळीस होते ना?"

"हो, वरचा एक माझ्याकडून. असं शून्यावर सोडू नये गं. बरं दिसत नाही."

आता यात नवल वाटायला नको होतं. आमच्या घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पाकिटात वर एक रुपया असायचा. लग्न, मुंज, बारसं तर सोडाच, एकदा बाबांनी प्लंबरलाही पाचशे एक दिले होते आणि तो बिचारा तो रुपया कशाचा म्हणून पुन्हा हिशोब करत बसला होता. मी कपाळाला हात लावला, पण म्हटलं, जाऊ दे, एका डॉलरने काय बिघडतंय.

एका डॉलरने जे बिघडलं ते दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. पुष्कळ वेळ होल्डवर गिटार ऐकवून झाल्यावर एका मुलीने गोड आवाजात 'किया ओरा' असा माओरी नमस्कार केला आणि तितक्याच गोड आवाजात सांगितलं की खात्यात एक डॉलर शिल्लक आहे, त्यामुळे खातं बंद करता येणार नाही. शिल्लक शून्यच हवी. मी म्हटलं, तो डॉलर तुम्हीच ठेवून घ्या. ती म्हणाली, ग्राहकाचे पैसे बँकेला असे ठेवून घेता येत नाहीत. (इतकी वर्षं मी त्यांचे ठेवून घेतले होते, तो विषय मी काढला नाही.) मग तो काढायचा कसा? ॲपमधून काढावा तर ॲप हॅमिल्टनच्या जुन्या फोन नंबरवर कोड पाठवत होतं, आणि तो नंबर आता हेस्टिंग्जच्या एका आजोबांकडे होता. एटीएममधून काढावा तर कार्डाची मुदत कधीच संपली होती, आणि मशीन वीसच्या खाली काही देतही नाही. राहिला एकच मार्ग. पासपोर्ट घेऊन स्वतः न्यू लिनला जायचं. तिथली शाखा आठवड्यातून मोजक्याच दिवशी उघडी असते, आणि आता ती उघडणार होती थेट ऑक्शनच्या आदल्या सकाळी.

फोन ठेवला आणि मी बाबांवर चिडले. घर हातचं गेलं तर केवळ तुमच्या त्या एका डॉलरमुळे जाईल, असं तोंडातून निघून गेलं. बाबा चहा तसाच ठेवून सोफ्याच्या टोकाला जाऊन बसले. मला इतकं वाईट वाटलं की तो चहा मीच पुन्हा गरम केला आणि मीच प्यायले. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने, निखिलने, तोंड उघडलं.

"पण हा वरचा रुपया का ठेवतात? नातं पुढे चालू राहावं म्हणूनच ना? राहिलं की चालू."

हसण्याचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

त्या सकाळी बाबाही बरोबर आले. बँकेत जायचं म्हणून जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, सोडून बूट घातले, शर्टाला इस्त्री केली. काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिला आणि भुवया वर केल्या. शिक्षण संपल्यावर ते खातं आपोआप साधं झालं होतं, आणि साध्या खात्याची महिन्याची फी दोन डॉलर कालच कापली गेली होती. म्हणजे शिल्लक आता वजा एक. मी पुन्हा बँकेची कर्जदार झाले होते!

"फी कापणारच," बाबा मराठीत म्हणाले. "आम्हीही कापायचो." त्यांच्या आवाजात जुन्या नोकरीबद्दलचा अभिमान होता.

काउंटरवर रोख घेत नाहीत; बाबांनीही मागच्या वेळी मशीनमध्येच भरली होती. कोपऱ्यातल्या मशीनमध्ये नाणं टाकायचं, आणि मशीन सुटे परत देत नाही. माझ्या पर्समध्ये नुसती कार्डं होती. मी वळून पाहिलं तर बाबा खिशातून दोन डॉलरचं नाणं काढून मशीनपाशी पोचले होते. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, दोन टाकलेत तर परत एक वर राहील."

"मग चांगलंच आहे की," बाबा सवयीने म्हणाले. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि नाणं घेऊन शेजारच्या डेअरीत गेले. (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात बाबा तिथे चक्का मागून आले होते.) एक डॉलरचं चॉकलेट आणि उरलेला एक डॉलर घेऊन ते परतले. डॉलर मशीनमध्ये गेला. बाईंनी खातं बंद केलं आणि पत्र छापून दिलं. बाबा स्क्रीनवरच्या त्या शून्याकडे बघत उभे होते.

"बघवत नाही गं," ते हळूच म्हणाले, आणि चॉकलेट बाईंच्या हातात ठेवलं. खातं बंद झालं तरी त्यांचं तोंड गोड व्हायला हवं होतं. बाई खूश झाल्या. तेव्हा मला बाबांवर ओरडल्याची खरोखर लाज वाटली, आणि गाडीत बसताना मी ते त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "असू दे. पावती घेतलीस ना?"

घर मिळालं. बाबांनी तिसऱ्या खोलीची खिडकी उघडून बंद करून पाहिली आणि पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवूनही टाकलं. आता फक्त डिपॉझिट वकिलाच्या खात्यात पाठवायचं होतं. मी लॅपटॉप उघडला, आकडा टाइप केला आणि बटण दाबून सुटकेचा निःश्वास टाकला.

आज सकाळी वकिलाच्या ऑफिसातून फोन आला. पैसे पोचले, पण एक डॉलर जास्त आलाय. तो परत करायचा तर त्यांना माझा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचं स्टेटमेंट लागेल. मी म्हणणार होते की बँकेची चूक असेल. पण ती शून्यांची लांबलचक रांग मला आठवत होती, ती बघून कसंतरी झालं होतं तेही आठवत होतं, आणि त्यानंतर माझं बोट कुठे गेलं तेही.

"कोणाचा फोन होता गं?" बाबांनी सोफ्यावरून विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं आणि पासपोर्ट शोधायला लागले.