बक्षिसाचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा. चाकांचा लाकडी बैल दोरीनं ओढत मैदानभर धिंगाणा घालायचा. रिसोडला आता त्याचीही सजावटीची स्पर्धा झाली आहे. यंदा माझ्याशेजारी एक बाप उभा होता. सारखी बैलाची झूल नीट करायचा, शिंगांवरची धूळ फुंकायचा. पोराला धोतर-फेटा चढवलेला, दोरी मात्र बापाच्याच मुठीत.

"हात नको लावू, रंग निंघन."

पहिला नंबर आला. बापानं बैल छातीशी धरून फोटो काढून घेतला.

"बाबा, आता ओढू मी?"

"आता कायले? नंबर आला नं आपला!"

त्यानं बैल चादरीत गुंडाळला. मैदानात सगळे बापच खेळत होते. लेकरं सजवून उभी केलेली, बैलांसारखी.