दहा मिनिटांत दाण्याची वडी

आमच्या ब्लॉक ऑफिसातले कागद वाळवीने खाल्ले. किस्से मात्र तिला खाता आले नाहीत. तिथल्या आम्ही जुन्या ग्रामसेविका कुठे लग्नकार्यात भेटलो की कुणीतरी हमखास विचारतं, "अन् ती वडी?" मग पुढ्यातला चहा गार होतो.

अमरावतीपासून तासाभरावरचं ते ऑफिस. साठ सालाच्या आसपासचा काळ. गावोगावी जाऊन बायकांना संसार शिकवायचा, हे आमचं काम. शिकणाऱ्या बायका चार-चार लेकरांच्या आया आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी बिनलग्नाच्या. सरकारला यात काही गैर वाटत नव्हतं.

दोघी म्हणजे मी आणि कमल. मी दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. कमल अकोल्याची. तिच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि त्यांच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली ती पहिलीच पोरगी. आमच्या वरिष्ठ आपटेबाई, पुण्याच्या. आणि आम्हा तिघींना जीपमधून हिंडवणारे ड्रायव्हर रहीमभाई.

*

एक दिवस वरून परिपत्रक आलं. 'शेंगदाण्याची सोपी व पौष्टिक वडी. वेळ : दहा मिनिटे.'

कुठल्या तरी परदेशी पुस्तकातून कुणीतरी उतरवून काढलं होतं. भाजलेले दाणे लोण्यासारखे मऊ वाटावेत, त्यात गूळ, दुधाची पावडर आणि पौष्टिकतेसाठी पाव कप भाजलेलं डाळीचं पीठ घालून घोटावं, ताटात थापावं. दाणे भाजायचे, सोलायचे आणि पाट्यावर वाटायचे, याचा वेळ दहा मिनिटांत धरलेला नव्हता. आणि शेवटी, 'एक तास रेफ्रिजरेटरमध्ये ठेवावे.'

आमच्या ऑफिसात तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. बाईंनी विचार करून पेन्सिलीने खाली लिहिलं, 'नसल्यास थंड जागी ठेवावे.' महिना मे. रहीमभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थंड जागा म्हन्जे चिखलदरा. ताट घेऊन बसा बाई, सांजेपर्यंत पोचवून देतो."

*

पहिलं प्रात्यक्षिक बाईंनी स्वतः करून दाखवलं, एका गावच्या शाळेच्या ओसरीवर. आधी चुलीच्या धुराने डोळ्यांचं कसं नुकसान होतं यावर अर्धा तास बोलल्या. मग बिनधुराचा स्टोव्ह पेटवायला घेतला. तो पेटेना. पिन घातली, ती आत मोडली. बाई पंप मारत राहिल्या आणि स्टोव्हने एवढा धूर काढला, की समोरच्या बायकांनी पदर नाकाला लावले.

सरसाबाई म्हणून एक म्हातारी होती. "चालू द्या तुमचं," म्हणत ती उठली आणि शेजारच्या घरात गेली. तिने आपल्या चुलीवर दाणे भाजले, सुनेकडून वाटून घेतले, गूळ घालून वड्या थापल्या, आणि ताट घेऊन परत आली तेव्हा बाई अजून पंपच मारत होत्या.

"खाऊन घ्या बाई," सरसाबाई म्हणाली. "लय दमल्या तुमी."

बाईंनी दोन वड्या खाल्ल्या. रिपोर्टात लिहिलं, 'महिला अतिशय जलद शिकल्या.'

*

परिपत्रकात दाणे तेवढे वजनाने, बाकी सगळं माप कपात होतं. बाईंचा मापाचा कप त्यांच्या कपाटात कुलपात असायचा, कारण तो फुटला तर वर कळवावं लागलं असतं. त्यामुळे ज्या गावी जाऊ तिथला चहाचा कप मागून घ्यायचा. कुणाचा एवढासा, तर कुणाचा लोट्याएवढा. माझी वडी एका गावात चमच्याने वाढावी लागे, तर दुसऱ्या गावात ती फोडायला खलबत्ता लागे. कमलची वडी मात्र कुठेही करा, सारखीच. जिभेवर ठेवली की विरघळायची.

बाईंना फार कौतुक वाटलं. "कमल, तुझं माप कसं गं कधीच चुकत नाही?"

"काहून चुकंन बाई? गाव कोनतंही असो, मले कप एकच भेटते," कमल म्हणाली. "बिनकानाचा. गोठ्यातल्या कोनाड्यात येगळा ठेवला असते."

रहीमभाईंना जोराचा खोकला आला. बाई मात्र विचारात पडल्या. सगळ्याच गावांनी असे एकसारखे कप ठेवले तर कामाला किती सोय होईल, असं म्हणाल्या.

*

परिपत्रकासोबत एक फॉर्म होता. त्याचा शेवटचा रकाना असा : 'वडी खाणाऱ्या महिलांची संख्या. (घरी नेलेली वडी धरू नये.)'

माझ्या दगडी वड्या खाऊनसुद्धा माझ्या रकान्यात तीस-पस्तीस बायका असायच्या. कमलच्या रकान्यात शून्य. बायका तिच्यासमोर बसायच्या, सगळं नीट बघायच्या, दाणे किती भाजले ते विचारून घ्यायच्या. ताट फिरायला लागलं की सगळ्यांचा उपास निघायचा. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. म्हणून एकदा ती सरसाबाईच्याच गावी मुद्दाम बुधवारी गेली, आणि वड्यांनी भरलेलं ताट तसंच परत घेऊन आली.

"बुधवारी कोणाचा उपास गं?" मी विचारलं.

"विचारलं मी. पाटलीनबाई म्हने, राहते एखांद्या देवाचा."

ते ताट आम्ही दोघींनी आणि रहीमभाईंनी जीपमध्ये संपवलं. अशा किती ताटांनी आमची पोटं भरली ते आता आठवत नाही, पण त्या दिवशीची वडी मला गोड लागली नाही.

कारण कमल अजून टेंपररी होती आणि बाईंनी तिच्या फाइलवर शेरा मारला होता, 'लोकांना आपलेसे करून घेण्याची हातोटी नाही.' असा शेरा राहिला तर कायम होणं दूरच, नोकरीच जाणार. तिच्या वडलांनी दम्यापायी अकोल्याच्या कापसाच्या जिनातलं काम सोडलं होतं आणि पाठचे दोन भाऊ हिच्या पगारावर शिकत होते. बाईंना खरं कारण माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी ते बोलूनही दाखवलं, तर म्हणाल्या, "हे बघ, रिपोर्टात आपण आकडे लिहितो. कारणं लिहीत नाही."

मी गप्प बसले. माझी नोकरी कायम झालेली होती. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

*

कायम करण्याच्या कागदावर सही करण्याआधी अमरावतीचे मोठे साहेब कमलचं काम स्वतः बघायला आले. दिवस बुधवारच होता आणि गावही तेच, सरसाबाईचं. शाळेच्या ओसरीवर एकवीस बायका बसल्या होत्या, पहिल्या रांगेत पाटलीणबाई. साहेब खुर्चीवर बसले. मांडीवर तो फॉर्म, त्याखाली कमलची फाइल.

कमलने दाणे भाजले, वाटले, गूळ घातला, पावडर घातली आणि थेट ताटात थापायला घेतलं. आपटेबाई कासावीस झाल्या. वाकून कुजबुजल्या, "अगं, डाळीचं पीठ राहिलं!"

"राहू द्या, बाई."

वड्या पडल्या. कमल ताट घेऊन पाटलीणबाईंपुढे उभी राहिली. पाटलीणबाईंनी हात जोडले. "आज उपास हाय आमचा." मागच्या वीस माना एकदम हलल्या.

"म्हनून तं पीठ नाही टाकलं, पाटलीनबाई," कमल म्हणाली. "नुसते फल्लीचे दाने, गूळ अन् दुधाची पावडर. उपासालेच चालते."

पाटलीणबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. मागच्या सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मग घ्या की," साहेब म्हणाले. "अडचण काय आहे?"

अडचण काय ते साहेबांपुढे सांगण्यासारखं नव्हतं. पाटलीणबाईंनी त्यातल्या त्यात लहान वडी उचलली आणि पदराला गाठ मारून ठेवली. "घरी नेऊन खाईन मी."

"घरी नेलेली फारमात धरत नाही जी," कमल म्हणाली.

गाठ सुटली. वडी तोंडात गेली. विरघळणारी वडी चघळायला इतका वेळ लागलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. मग मागचे हात एकेक करून पुढे आले. सरसाबाईने तर न विचारता दुसरी उचलली.

साहेबांनीही एक खाल्ली, मान डोलावली, बायका मोजल्या आणि शेवटच्या रकान्यात 'एकवीस' लिहिलं. खालची फाइल वर घेऊन तिच्यावरही सही केली. मग पेनला टोपण लावता लावता सहज विचारलं, "बरं, आज तर बुधवार. आज कसला उपास असतो तुमच्या गावात?"

पाटलीणबाईंचं तोंड अजून भरलेलं होतं. आपटेबाई आढ्याकडे बघत होत्या. खाली बसून रिकामं ताट पुसता पुसता कमल म्हणाली,

"मी आली की त्या दिवशी असते, साहेब."